पडदे आणि बैठकीचं कापड: टिळकवाडी, खानापूर, निपाणी (प्रकल्प नोंदी)

२ मार्च

तीन घरांतले पडदे, सोफा, दिवाण हातात घेतलेत: बेळगावच्या टिळकवाडीतला स्लॅबचा बंगला, खानापुरातलं कौलारू घर आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारचं घर. कापडं बरीचशी सारखी, हवा मात्र तिन्हीकडे वेगळी. टिळकवाडीत उन्हाळ्यात रस्त्याची लाल धूळ. खानापूर घाटाच्या कडेला, तिथे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात. निपाणीत पाऊस त्यामानाने बेताचा, पण कापडात तंबाखूचा वास मुरलेला.

वेळापत्रक हवेवरून बांधलं. पाण्याचं सगळं काम वळीव जोर धरायच्या आत. पावसाळ्यात फक्त धूळ काढणं, वारा देणं आणि पडला डाग तर तेवढ्यापुरता पुसणं. दसऱ्यानंतर ऊन आणि डागडुजी. सगळे पडदे दिवाळीच्या तोंडावर एकदम धुवायला काढायची घरोघरी पद्धत आहे. त्यापेक्षा मार्च-एप्रिल कितीतरी चांगला, या दिवसांत जाड सुती पडदाही संध्याकाळच्या आत खडखडीत वाळतो. कापड धुण्यात बिघडतं त्याहून जास्त वाळवण्यात बिघडतं, हे या कामाचं मूळ सूत्र. एक-दोन दिवस ओलं राहिलं की बुरशीला तेवढा वेळ पुरतो.

५ मार्च

धागा ओळखणं. पडदे शिवून घेतलेले असले की लेबल नसतंच. खालच्या दुमडीतून आडवे-उभे दोन्ही धागे वेगळे काढले, चिमट्यात धरून बशीवर जाळले. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख करडी आणि मऊ. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, हाही तसाच जळतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतो, वितळतो, आणि मागे कडक काळा मणी राहतो; तो बोटाने चुरत नाही. रेशीम, लोकर जळताना केस जळल्याचा वास, मणी चुरडला की पूड होते. दोन्ही दिशांचा धागा तपासायलाच हवा, कारण ताणा सुती आणि बाणा पॉलिएस्टर असलेलं कापड बाजारात भरपूर आहे.

सुती आणि व्हिस्कोस वेगळं काढायला धागा ओला करून ताणायचा. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. व्हिस्कोस ओलेपणी जवळजवळ निम्मं बळ गमावतो आणि हलक्या ताणाने तुटतो. म्हणून व्हिस्कोसचे पडदे बादलीत पिळायचे नाहीत, ओले टांगायचे नाहीत. स्वतःच्या वजनाने लांबतात आणि शिवण उसवते.

निष्कर्ष: टिळकवाडीच्या हॉलमध्ये अस्तर लावलेले सुती पडदे, पश्चिमेला ब्लॅकआउट (उजेड अडवणारं) पॉलिएस्टर, सोफा शेनीलचा (लवदार धाग्याच्या मऊ कापडाचा). खानापुरात बिनअस्तराचे सुती पडदे, सागवानी दिवाणावर काथ्याची बैठक, खणाच्या उशा. निपाणीत पॉलिएस्टर वेल्वेट, जाळीचे पडदे आणि रेक्झिनच्या खुर्च्या.

८ मार्च

रंगाची चाचणी. पांढऱ्या सुती फडक्यावर, वापरायचं तेच साबणपाणी टाकून, ते पडद्याच्या दुमडीच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं दाबून ठेवलं. नुसत्या पाण्याने चाचणी केली तर फसगत होते. पाण्यात पक्का वाटणारा रंग साबणाच्या क्षारात सुटू शकतो. खानापूरच्या लाल काठाच्या पडद्यांनी फडकं गुलाबी केलं. ते वेगळे काढले. गार पाणी, सौम्य लिक्विड, आणि एका वेळी एकच पडदा.

आटण्याचा हिशेब. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. ८४ इंचांचा पडदा ४ टक्के आटला तर सव्वातीन इंच तोकडा होतो, म्हणजे जमिनीला टेकणारा पडदा अधांतरी लोंबायला लागतो. हॉलमधले पडदे अजून एकदाही धुतलेले नाहीत, म्हणून चारही कडांची मापं लिहून घेतली आणि खालची दुमड किती सोडता येईल तेही पाहिलं. दुमड ४ इंचांची आहे, भागेल.

१२ मार्च

धूळ. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, पण लोक त्यात सगळ्यात जास्त घाई करतात. आपल्याकडची लाल धूळ म्हणजे बारीक खर आणि लोहाचे कण. कापड हललं की हे कण धाग्यांवर घासतात. सोफ्याची बसायची जागा आणि पडद्याची ओढायची कड आधी विरते ती यामुळेच. आणि धूळ असतानाच पाणी लागलं तर तिचा चिखल होऊन विणीत बसतो.

व्हॅक्यूमला कापडाचं तोंड लावून ओढ कमी ठेवली, पडद्यावर वरून खाली गेलो. जाळीच्या पडद्याला तोंडावर पातळ नायलॉनची जाळी रबराने बांधली, नाहीतर कापड आत ओढलं जातं. सोफ्याच्या बैठका उचलून फटी निमुळत्या तोंडाने साफ केल्या. पडद्याच्या वरच्या पट्टीत, चुण्यांच्या मागे सर्वांत जास्त धूळ निघाली. सोफा काठीने झोडपायचा नाही: धूळ फोममध्ये खोल जाते, आणि जुन्या फोमचा चुरा होतो.

१६ मार्च

टिळकवाडीचे सुती पडदे. कड्या, हूक, दोऱ्या आधी काढल्या. वरच्या पट्टीतलं बकरम (आतलं ताठ कापड) चुरगळलं तर पुन्हा सरळ होत नाही, म्हणून तो भाग सैल गुंडाळून जुन्या उशीच्या खोळीत घातला. ७ किलोच्या मशीनमध्ये तीन किलोपेक्षा जास्त पडदे घातले नाहीत; गर्दी झाली की धूळ निघत नाही, नुसत्या घड्या पडतात. ३० अंश, नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, ३० मिलि लिक्विड, फिरकी मिनिटाला ४०० ते ६०० फेरे. घरात बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. जड पाण्यात साबणाची वडी वापरली तर चुन्याचा थर कापडावर बसतो, पांढरं कापड करडं दिसतं. म्हणून वडी बाजूला ठेवली आणि शेवटच्या पाण्यात, १० लिटरला ५० मिलि पांढरं व्हिनेगर घातलं. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एका पाण्यात आणायचं नाही, विषारी वायू सुटतो.

वाळत घालताना एका दोरीवर न टाकता दोन समांतर दोऱ्यांवर, एक फूट अंतर ठेवून टाकले. मधून वारा गेला की वेळ बराच वाचतो. दोरी नायलॉनची. लोखंडी तारेचा गंज कापडावर उतरतो. थोडासा दमटपणा उरला असतानाच पडदे रॉडवर चढवले, चुण्या हाताने जुळवल्या, तळाला दोन्ही बाजूंनी ओढून सरळ केलं. इस्त्रीची फारशी गरज राहिली नाही. पूर्ण ओला पडदा मात्र रॉडवर चढवायचा नाही. कोरडा एक किलोचा पडदा निथळत्या पाण्यासकट दोन-अडीच किलोंचा होतो आणि भिंतीतले स्क्रू ढिले पडतात.

एका पडद्याला तळाशी फुगे आले. कारण शिलाईत आहे: अस्तर चारही बाजूंनी शिवून टाकलंय आणि अस्तराचं कापड आधी भिजवलेलं नव्हतं, त्यामुळे ते पडद्यापेक्षा जास्त आटलं. अस्तर फक्त वर आणि बाजूंना जोडायचं, खालची दुमड वेगळी आणि पडद्यापेक्षा एक इंच वर ठेवायची. नवीन कोरं अस्तर खडेबाजारातून आणलं, रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला दिलं.

२० मार्च

ब्लॅकआउट. मागचा पांढरा थर हा ॲक्रिलिकच्या फेसाचा लेप असतो. तो पिळला, घडी घालून दाबला, मशीनमध्ये फिरवला की त्याला बारीक भेगा जातात आणि उजेडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकतात. एका पडद्याला ती आहेतच, ती बुजत नाहीत. बाकीचे जागेवरच साफ केले: कापडाच्या बाजूने व्हॅक्यूम, लेपाच्या बाजूने एक लिटर पाण्यात पाच मिलि लिक्विड घालून घट्ट पिळलेलं मऊ फडकं, लगेच कोरडं फडकं. इस्त्री लागलीच तर फक्त कापडाच्या बाजूने, सर्वांत कमी आचेवर. घडी घालून माळ्यावर ठेवायचे असतील तर लेपावर लेप टेकू द्यायचा नाही, चिकटतो. मध्ये जुनी चादर घालून गुंडाळी करायची.

५ एप्रिल

शेनील सोफा. या कामाला सर्वांत जास्त वेळ दिला.

पहिली गोष्ट: बैठकीला चेन आहे म्हणून खोळ काढून मशीनमध्ये टाकायची नाही. चेन फोम घालता यावा म्हणून असते. खोळ आटते, फोमवर परत चढत नाही. कापडाच्या मागे विण धरून ठेवणारा रबरी लेप असतो, तो पाण्यात सुटतो आणि शिवणीतून धागे निसटायला लागतात. सोफ्याला लेबल असेल तर अक्षर पाहावं: डब्ल्यू म्हणजे पाणी चालेल, एस म्हणजे फक्त ड्रायक्लीनिंगचा द्रव, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे नुसता व्हॅक्यूम. आपल्याकडे बनवून घेतलेल्या सोफ्यावर असं काही मिळत नाही, म्हणून मागच्या तळाला चाचणी.

पाठीवर डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचे काळपट पट्टे होते. तेलाने धूळ धरून ठेवलेली असते, त्यामुळे नुसतं पाणी तिथे काहीच करत नाही. मक्याचं पीठ चोळून न घालता नुसतं पसरलं, दोन तास ठेवलं, व्हॅक्यूमने काढलं, पुन्हा पसरलं. मग फेस. एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, रवीने घुसळून वर आलेला फेसच तेवढा मऊ ब्रशवर घ्यायचा, खालचं पाणी नाही. तळहाताएवढी जागा फेसाने हलकी घासायची, स्वच्छ ओलसर फडक्याने साबण टिपायचा, कोरड्या टॉवेलने दाबायचं, मग पुढची जागा. साबण आत राहिला तर ती जागा चिकट होते आणि महिन्याभरात आधीपेक्षा काळी पडते. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा अख्खा तुकडा सारखा ओलसर केला. मध्येच थांबलं तर पाण्याची कड उमटते.

सोफ्याच्या हातावर बॉलपेनची रेघ होती. कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट, रेघेच्या कडेकडून आत, शाई लागली की काडी बदलायची. चोळलं तर रेघेचा ढग होतो. चहाचा डाग जुना होता: गार पाणी, मग पाण्यात तेवढंच व्हिनेगर. डाग निघाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आला. फोममध्ये उतरलेला चहा, समईतली वात तेल ओढते तसा, वाळताना कापडाने वर ओढून घेतला. उपाय असा: जागा किंचित ओली करून वर पांढऱ्या सुती फडक्याची जाड घडी, त्यावर पाट आणि त्यावर वजन, रात्रभर. डाग घडीत आला.

बैठका कडेवर उभ्या केल्या, तीन-चार फुटांवर उभा पंखा, खिडक्या उघड्या. वरून कोरडं लागलं तरी लगेच बसायचं नाही. फोम आतून वाळायला दिवस लागतो. भिजून निथळत असेल तर दोन.

१३ एप्रिल

निपाणी. वासाचं काम अत्तर फवारून होत नाही. वेल्वेटचे पडदे सावलीत वाऱ्यावर दिवसभर टांगले, अस्तर सोडवलं, मग ३० अंशांच्या पाण्यात सौम्य लिक्विड घालून टबात वर-खाली बुडवले. पिळले नाहीत, निथळू दिले. दमट असताना लव हाताने पाहून, ती ज्या दिशेला गुळगुळीत लागते त्या दिशेने मऊ ब्रश फिरवला. घड्यांच्या खुणा मागून वाफ दिल्यावर गेल्या. वेल्वेटवर इस्त्री टेकवली की लव कायमची दबते. सुती किंवा रेशमी वेल्वेट असतं तर पाण्याला हात लावला नसता, थेट ड्रायक्लीनिंग.

फोमच्या खुर्च्यांवर प्रत्येकी १०० ग्रॅम खाण्याचा सोडा रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. हे कोरड्या हवेतच करायचं. दमट हवेत सोड्याचा पापुद्रा होतो आणि विणीतून निघत नाही.

जाळीच्या पडद्यांवर स्वयंपाकघरातल्या फोडणीचा चिकट थर. कोमट पाण्यात १० लिटरला दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, अर्धा तास, दोन पाण्यांतून काढले. गरम पाणी घेतलं असतं तर पॉलिएस्टरला पडलेल्या घड्या पक्क्या झाल्या असत्या.

रेक्झिन सोलतंय. वरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, त्यावर घरगुती उपाय नाही. तेल, पॉलिश, स्पिरिट काही लावू नये. कुशनवाल्याकडून नवीन कापड चढवून घ्यायचं. या घरासाठी जाड विणीचं सुती-पॉलिएस्टर सुचवलं.

२० एप्रिल

खानापूरचा दिवाण. गेल्या पावसाळ्यात कौल सरकून पाणी गळलं, तिथे खोळीवर तपकिरी कड असलेला मोठा डाग. ही घाण नाही. काथ्यातला रंग पाण्यात विरघळला आणि कापड सावकाश वाळताना वर येऊन कडेला साचला. साबणाचा क्षार लागला की असा डाग आणखी गडद होतो, म्हणून आधी धुवायची चूक होऊ नये. खोळ काथ्यापासून सोडवली. एक लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम लिंबूसत्त्व, फवाऱ्याने हलकं मारलं, पांढऱ्या फडक्याने टिपलं, पंख्याखाली झटपट वाळवलं, पुन्हा केलं. कड पुसट झाली, मधला भाग साफ. मग साध्या पाण्याने आम्ल काढून टाकलं. काथ्या दोन दिवस कडक उन्हात, आणि खोळ परत चढवताना मध्ये जाड मांजरपाटाचा थर घातला.

पडद्यांच्या पट्टीला हुकांचा गंज. क्लोरीन ब्लीच इथे अजिबात नाही; गंज कापडात पक्का बसतो आणि धागा कुजतो. पांढऱ्या कापडावर ऑक्झॅलिक आम्ल, पाव लिटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम, हातमोजे घालून फक्त डागावर पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. हे विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. रंगीत पडद्यांना लिंबाचा रस आणि मीठ, तेही चाचणी करून. हूक बदलून प्लॅस्टिकचे घातले.

४ मे

खणाच्या उशा. गुळेदगुड्डचा जुना खण सुती-रेशमी असतो, बाजारात आता पॉलिएस्टरचाही मिळतो. धागा जाळून पाहिला, दोन उशा रेशमी निघाल्या. त्या ड्रायक्लीनिंगला. बाकीच्यांवर हळदीची बोटं उमटलेली. हळदीला साबण लागला की ती लाल होते. क्षाराने तिचा रंगच बदलतो. घाबरून ब्लीच ओतू नये. गार पाण्याने सुटेल तेवढी काढली, औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून कापसाने टिपलं, दहा मिनिटांनी धुतलं. उरलेला पिवळेपणा दोन दुपारच्या उन्हात उडाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तोच इथे कामी आला. कुंकवाचा डाग मात्र कोरडाच झटकायचा, ओला केला की पसरतो.

१८ मे

वळवाच्या सरी सुरू. ओलं काम बंद. खानापूरचे धुतलेले जादा पडदे ठेवताना खळ दिली नाही. खळ म्हणजे पीठच, तिच्यावर कसर येते आणि बुरशीही चटकन धरते. पूर्ण वाळवून, इस्त्रीची ऊब उतरल्यावर, सुती पिशवीत घातले. प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकलेला दमटपणा बाहेर जात नाही. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवले. डांबरगोळ्या ब्लॅकआउट आणि रेक्झिनजवळ ठेवायच्या नाहीत, लेप मऊ पडतो.

१२ जुलै

खानापुरात दिवाणामागचा आर्द्रता-मापक ८० टक्क्यांच्या वर, टिळकवाडीत सोफ्यामागे ७०च्या आसपास. ७० ओलांडून हवा दिवसेंदिवस तशीच राहिली की कापडावर बुरशी धरते. दिवाण भिंतीपासून सहा इंच पुढे ओढला, रोज दुपारी पंखा. पडदे दिवसा पूर्ण बाजूला सारून बांधायचे, खिडकीच्या ओल्या काचेला टेकू द्यायचे नाहीत. ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कापडाच्या शेजारी ठेवू नयेत. डब्यात साचलेलं पाणी सांडलं तर ती जागा सतत ओलसर राहते.

दिवाणाच्या खालच्या कडेला करडे ठिपके दिसले. तोंडाला मास्क, खोळ परसात नेऊन कोरड्या ब्रशने झटकली, ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पंख्याखाली ठेवली. हे करताना जवळ समई, निरांजन, गॅस काही पेटलेलं नको. घरात झटकली असती तर बीजकण सगळ्या बैठकीवर बसले असते.

लाल चिखलाचे पाय सोफ्यावर. लगेच पुसायचा मोह आवरायचा. चिखल पूर्ण वाळू दिला, ब्रशने झाडला, व्हॅक्यूम केला. बहुतेक सगळा गेला. उरलेल्याला फेस. ब्लीचने इथे काही होत नाही, हा रंग लोहाचा आहे.

१९ ऑक्टोबर

उघडीप. खानापूरचं सगळं कापड उलट्या बाजूने दोन तास उन्हात, त्याहून जास्त नाही. सुती आणि रेशमी धागा उन्हाने विरतो, पडदा खिडकीच्या बाजूला आधी फाटतो तो त्याचमुळे. टिळकवाडीत पश्चिमेचे पडदे डावे-उजवे बदलले, म्हणजे ऊन एकाच कडेला लागत राहणार नाही. हॉलच्या पडद्यांची मापं पुन्हा घेतली: तीन इंच आटलेत, खालची दुमड सोडायला दिली.

राहिलेलं काम: निपाणीच्या खुर्च्यांचं कापड, दोन पडद्यांना नवीन अस्तर, आणि शेनील सोफ्याच्या पाठीला सुटे सुती टॉवेल, महिन्याला धुता येतील असे.